आरएसचा कॅट बदलण्याआधी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

तू लिहिलेली लक्षणं नीट वाचली. सकाळी थंड इंजिनावर ऑक्टाव्हिया आरएस बरी ओढते, दहा-पंधरा मिनिटांत मरगळते, तवंदी घाटात तिसऱ्या गिअरला आरपीएमचा काटा ३००० च्या वर सरकत नाही, आणि गाडी थांबवली की खालून कुजक्या अंड्यासारखा वास येतो. एकानं टर्बो गेला म्हणून सांगितलं, दुसरा कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, फोडून रिकामा करून द्यायला निघाला. दोघांनीही मोजलं मात्र काहीच नाही. कॅट चोंदल्याचा संशय मलाही आहे, पण नुसत्या संशयावर पैसे घालू नकोस. आणि चोंदलेला निघाला तरी एक लक्षात ठेव गड्या, कॅट सहसा आपण होऊन मरत नाही, त्याला वरून इंजिन मारतं. ते कारण न शोधता नवा घातलास तर तोही त्याच वाटेनं जाईल.

आधी मोजायचं. टर्बोनंतर आणि कॅटच्या आधी पुढचा लॅम्डा सेन्सर आहे, धुरातला ऑक्सिजन मोजणारा. तो काढून त्याच भोकात अडॅप्टर लावायचा, आटे १८ बाय १.५ चे. अडॅप्टरला अर्धा मीटरभर तांब्याची किंवा स्टीलची नळी, तिच्या पुढे रबरी पाइप आणि शेवटी ० ते १५ पीएसआयचा गेज. रबर थेट सेन्सरच्या भोकाशी लावलंस तर दोन मिनिटांत वितळेल. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत दाब असला तर ठीक म्हणायचं. पण टर्बो गाडीत इथं फसगत होते. उभ्या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, तयार होत नाही, त्यामुळे धूर कमी वाहतो आणि अर्धवट चोंदलेला कॅटही पास होतो. म्हणून नळी नीट बांधून गेज खिडकीतून आत घे आणि कुणाला तरी शेजारी बसवून घाट चढ. फुल्ल थ्रॉटलला काटा सहा-सात पीएसआयच्या पुढे चढतच राहिला तर निकाल लागला. गाडी तू चालव, गेज दुसऱ्यानं वाचायचा.

व्हॅक्यूम गेज असेल तर तोही लाव. समुद्रसपाटीला आयडलला १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतो आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. बेळगाव साडेसातशे मीटरवर, सुमारे अडीच हजार फुटांवर, म्हणजे आपल्याकडे १६ ते १८ हे निरोगी इंजिनाचं लक्षण. पुस्तकातला २० चा आकडा बघून घाबरायचं नाही. २५०० ला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरायला लागला तर पुढं वाट बंद आहे.

गाडी लॅपटॉपला जोडून इंजिनचे आकडे बघणार असशील तर ग्रुप ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी दिसतो. मिळालेला कमी असला की लोक टर्बो बदलायला धावतात. इंटरकूलरचा पाइप फाटला तरी हाच आकडा दिसतो आणि कॅट चोंदला तरी हाच, कारण मागून दाब असला की टर्बाइन फिरायला लागणारा दाबाचा फरकच उरत नाही. दोन्हींतला भेद वरचा दाबाचा गेजच करतो. पी-०४२० हा कोड आला नाही म्हणून कॅट सुटला असंही समजू नकोस. तो कोड कॅट धूर साफ करतो की नाही एवढंच सांगतो, धूर पुढं जातो की नाही ते त्याला कळत नाही.

आता कॅट कशानं मेला ते. या १.८ टर्बोमध्ये पहिला संशय कॉइल पॅकवर. कॉइल लोडखाली मिसिंग करते, म्हणजे ठिणगी चुकवते, मग न जळलेलं पेट्रोल आणि ऑक्सिजन कॅटमध्ये जाऊन तिथं जळतात. एरवी चारशे ते आठशे अंशांत काम करणारी कॅटमधली ती मातीची जाळी मग १४०० च्या आसपास वितळते आणि भोकं मिटतात. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटला तर गाडी घरी आणता येते. तो लुकलुकायला लागला तर अॅक्सिलरेटर सोडून बाजूला थांब. ग्रुप १५ आणि १६ मध्ये कुठला सिलिंडर मिसिंग करतोय ते दिसतं. त्याची कॉइल शेजारच्यात घाल. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल, जागेवरच राहिलं तर प्लग किंवा इंजेक्टर. प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेव. आणि आपल्याकडच्या मेस्त्रींची एक खोड मोडायला हवी. चालू इंजिनात एकेक कॉइल उपसून कुठला सिलिंडर गेलाय ते बघतात. तेवढ्या वेळात कच्चं पेट्रोल सरळ कॅटमध्ये जातं. काढायचीच असेल तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर आधी काढा म्हणावं. बॅटरी उतरली म्हणून मिसिंग करणारी गाडी परत परत ढकलून चालू करणं हेही त्यातलंच.

दुसरं ऑइल. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त जाळीवर थर धरतात, आणि तो थर कशानंही निघत नाही. घाट उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील बघ. बराच वेळ आयडलला उभी ठेवल्यावर आला तर टर्बोचं सील. इंटरकूलरचा खालचा पाइप काढून आत बोट फिरव. थोडी ओल सगळ्यांत असते, पण ऑइल ओघळलं तर खोलात जा. मॅनिफोल्डखालचे ब्रीदर पाइप या वयात बिस्किटासारखे तुटतात, ते सगळेच बदल.

तिसरं, गाडी रिच चालणं. कूलंट टेंपरेचर सेन्सर इंजिन थंडच आहे असं सांगत राहिला, एअरफ्लो मीटर मळला किंवा इंजेक्टर गळला की पेट्रोल जास्त जातं. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून हुंग, पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटलाय. ग्रुप ३२ मधला ट्रिम, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं (ECU) पेट्रोल किती टक्के कमी-जास्त केलं तो आकडा, उणे १० च्या खाली गेला तर ECU ऐवजी आपण डोकं लावायचं, कारण तो पेट्रोल कमी करून करून थकलेला असतो. उलट बाजूला एक सूट आहे. ई-२० पेट्रोलला त्याच हवेत साधारण आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं, त्यामुळे अधिक ५ ते ८ दिसलं म्हणून हवेची गळती शोधत बसू नकोस.

काढायचं काम रात्रभर थंड झालेल्या गाडीवर कर. आदल्या दिवशी टर्बोच्या फ्लँजच्या नटांवर आणि दोन्ही सेन्सरांच्या आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल दोन-तीनदा मार. सेन्सरला वायरसाठी चीर असलेला २२ चा सॉकेट घे, साधा पाना कोपरे खातो. सेन्सर हटला नाही तर पाच मिनिटं इंजिन चालवून कोमट असताना प्रयत्न कर. टर्बोचा स्टड अडकला तर लांब पाइप घालून हिसका देऊ नकोस, नट लाल करून सोडव. तुटलेला स्टड काढायचा म्हणजे टर्बो खाली. जागा अरुंद आहे. उजव्या ड्राइव्ह शाफ्टवरचा पत्रा काढावा लागतो, वेळ पडली तर शाफ्टही गिअरबॉक्सकडून सुटा करावा लागतो. त्याला बारा टोकांचा बिट लागतो, तो आधी हाताशी ठेव.

कॅट हातात आला की टॉर्च मारून बघ. भोकं उघडी आणि करडी-तपकिरी असतील तर जाळी ठीक आहे आणि आपण दुसरीकडे बघायचं. काच चढल्यासारखा चकाकता थर म्हणजे वितळलेली, कारण मिसिंग. पांढुरकी राख म्हणजे ऑइल किंवा कूलंट. नुसती काळी काजळी म्हणजे रिच. रबरी हातोडीनं ठोकून खडखडलं तर जाळी फुटलीय. अशा वेळी मधला सायलेन्सरही हलवून बघ, तुकडे तिथं जाऊन बसतात आणि नवा कॅट घालूनही गाडी ओढत नाही.

साफ करून वाचेल का, तर फक्त काजळी असेल तर. कारण दुरुस्त करून हायवेला निपाणी ते संकेश्वर चौथ्या गिअरमध्ये ३००० वर धरून चालव, काजळी जळून जाते. बाटलीतल्या क्लीनरनं वितळलेली जाळी उघडत नाही. थिनर ओतायचा सल्ला देणाऱ्याला हात जोड. आणि चोंदलेल्या कॅटची गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळक्या गवतावर उभी करायची नाही. खालचा डबा लालभडक असतो, पेटायला वेळ लागत नाही.

नवा घेताना मूळ मापाचा ४०० सेलचा (चौरस इंचाला ४०० भोकं) सिरॅमिक घे, तोच बरा. २०० सेलचा मेटल कॅट मोकळा वाहतो, पण मागचा सेन्सर कुरकुरतो आणि १५० पीएसच्या स्टॉक गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही. वेल्डिंग करून बसवणार असशील तर उद्यमबागेत टिग करणाऱ्याकडे जा. स्टेनलेस आणि साधं पोलाद जोडायला ३०९ ची तार लागते. बॅटरी सोडवायची, सेन्सर बाहेर ठेवायचे, कॅटवरचा बाण सायलेन्सरकडे आणि जागा जुनीच. मागे सरकवलास तर तापायला उशीर होतो. फ्लँजचं गास्केट आणि नट नवे. सेन्सर ५० न्यूटन-मीटरला आवळ. अँटीसीझ फक्त आट्यांवर, टोकाला लागता कामा नये. पहिल्या दिवशी थोडा धूर आणि वास येईल, तो जाळीभोवतीच्या गादीचा, तोवर गाडी दामटू नकोस. सांध्यांवर साबणाचं पाणी मारून गळती बघ. पुढच्या सेन्सरच्या आधी हवा शिरली तर गाडी परत रिच होते आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

रिकामा करून घ्यायचा विचार मनातून काढ. एमिशन टेस्टला तुझ्या गाडीला सीओ ०.५ टक्का आणि एचसी ७५० पीपीएम अशी मर्यादा आहे, कॅटशिवाय सीओ आत ठेवणं अवघड. शिवाय केए-२३ ची आरसी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी चिक्कोडीच्या आरटीओत नवी करून घ्यायची असते, तिथं अडशील.

जुना कॅट मेस्त्रीकडे सोडून येऊ नकोस. आत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले त्यासाठीच मागतात. दोन ठिकाणी भाव विचारून दे.

आधी आयडल, २५०० आणि घाट असे दाबाचे तीन आकडे आणि ग्रुप १५, १६, ३२ चे फोटो पाठव. अडॅप्टर माझ्याकडे आहे, निपाणीला येणाऱ्या कुणाच्या हाती देतो. पार्ट मागवायच्या आधी काय करूलास ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण