बाबा, मामाकडच्या लग्नाला जा

ग्लासगो, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

सकाळी बाबांनी फोन ठेवून दिला तेव्हापासून काही सुचत नाहीये म्हणून लिहायला बसले. व्हॉट्सअॅपवर एवढं मोठं टाकलं तर बाबा दोन ओळी वाचून सोडून देतील म्हणून दादाला सांगितलंय प्रिंट काढून दे, अक्षर मोठं ठेव. आई तू पण वाच, भांडण तुझ्या माहेरावरून आहे आणि तू इतकी वर्षं एक शब्द बोलली नाहीस.

बाबा तुम्ही म्हणालात ज्यानं महाराष्ट्र सोडून कर्नाटकात जातो म्हणून गावात सगळ्यांसमोर हात वर केला त्याच्या दारात मी अक्षता टाकायला जाणार नाही. मी मधे बोलले तर म्हणालात तू कोण सांगणारी, तू तर देशच सोडून गेलीस. ते लई लागलं मला. त्याचं उत्तर देते पण शेवटी, आधी इथलं थोडं सांगू द्या, कारण मामाच्या प्रश्नाचा विचार करायला मी इथंच शिकले.

२०१४ चा सप्टेंबर आठवतो का? मला इथं येऊन वर्ष झालं होतं. स्कॉटलंडनं ब्रिटनमधून वेगळं व्हायचं का यावर १८ सप्टेंबरला मतदान होतं, १७०७ पासूनचा एकत्र संसार, आणि त्याचा निकाल मला विचारून लागणार होता, सोलापूरच्या पोरीला, भारतीय पासपोर्टवाली! इथं राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत असतं, त्यात आपण येतो. आई तू म्हणालीस शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठव आणि मी सांगितलं की इथं शाई लावतच नाहीत, ओळखपत्र पण मागितलं नाही, शिसपेन्सिलनं फुली मारायची आणि घरी यायचं. सोळा वर्षांची पोरं सुद्धा रांगेत होती. ८४.६ टक्के मतदान झालं. ५५.३ टक्के लोक राहूया म्हणाले, ४४.७ जाऊया म्हणाले, आमचं ग्लासगो मात्र जाऊया म्हणालं होतं. मी राहूया म्हणून फुली मारली होती, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतेय. तुम्ही तेव्हा फोनवर म्हणाला होतात दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात पडू नको, म्हणून मी मत दिलं एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात अडकली होती. माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीचा भाऊ, जन्म ग्लासगोचा, आजा-पणजा इथलेच, तो लंडनला नोकरीला होता म्हणून त्याला मत नव्हतं. सुट्टीला आला तेव्हा जेवताना मला म्हणाला माझ्या देशाचं तू ठरवणार आणि मी नाही? मला काही बोलता आलं नाही, घास गिळेना. खरंच वाटलं की हा बरोबर बोलतोय.

मग २०१६ ला ब्रेक्झिट आलं, ब्रिटननं युरोपियन युनियन सोडायची का, त्यालाही मला मत होतं. पण माझ्या वरच्या मजल्यावरची पोलंडची बाई, दहा वर्षं इथं काम करणारी, पोरं इथल्या शाळेत, तिला २०१४ ला मत होतं आणि २०१६ ला नाही. नियम बदलला एवढंच. तिला इथं राहता येणार का नाही हेच ठरत होतं आणि तिलाच विचारलं नाही. २३ जूनच्या रात्री ती आमच्याकडे टीव्हीसमोर बसली होती आणि पहाटे काही न बोलता चप्पल घालून वर गेली. त्या दिवशी मला त्या भावाचं उत्तर सापडलं, म्हणजे शब्द नाही सापडले, पण कळलं की निकालासोबत दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ज्याला जगायचंय त्याला विचारलं पाहिजे. जन्म कुठला ते नंतर.

त्या मतदानात अख्ख्या ब्रिटनचे ५१.९ टक्के सोडूया म्हणाले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के राहूया म्हणाले, इथल्या बत्तीसच्या बत्तीस विभागांत राहूयाचंच बहुमत होतं. तरी बाहेर पडावं लागलंच. माझ्यासारखे किती जण होते ज्यांनी २०१४ ला ब्रिटनमध्ये राहूया म्हणून फुली मारली त्यात एक कारण हे पण होतं की वेगळे झालो तर युरोप सुटेल अशी भीती घातली होती. मग लोक म्हणायला लागले आता परत विचारा, आणि लंडन म्हणतंय एकदा विचारलं, पिढीतून एकदाच विचारतात. माझ्या ऑफिसात या विषयावर दोन जण अजून एका टेबलावर जेवत नाहीत.

शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २३ नोव्हेंबर २०२२ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की लंडनच्या पार्लमेंटनं परवानगी दिल्याशिवाय स्कॉटलंडच्या पार्लमेंटला असं मतदान घेता येणार नाही. मी कोर्टाला दोष देत नाही, स्कॉटलंडला पार्लमेंट देणाऱ्या १९९८ च्या कायद्यात ब्रिटनच्या एकत्र राहण्याचा विषय लंडननं स्वतःकडे ठेवलाय, ते त्यांनी वाचून दाखवलं. पण म्हणजे जायचंय का हे आपल्याच माणसांना विचारायला सुद्धा ज्याच्यापासून वेगळं व्हायचंय त्याची परवानगी पाहिजे. नॉर्दर्न आयर्लंडसाठी मात्र त्याच साली केलेल्या कायद्यात लिहून ठेवलंय की बहुमत जायच्या बाजूनं होईल असं दिसलं तर मंत्र्यानं मतदान घ्यायचं. म्हणजे एकाला दार कुठं आहे ते सांगितलंय आणि दुसऱ्याला दारच नाही.

आणि बाबा, त्याच आठवड्यात आपल्याकडे काय झालं आठवतंय ना? कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई आधी जत म्हणाले, मग म्हणाले अक्कलकोट आणि सोलापूरचा कन्नड बोलणारा भाग कर्नाटकात आला पाहिजे, इकडे सगळे नेते तापले, आणि अक्कलकोट तालुक्यातली काही गावंच उठून म्हणाली की आम्हाला पाणी नाही, रस्ता नाही, आम्ही जातो कर्नाटकात. त्यात मामाचं गाव. मी इथं कोर्टाची बातमी वाचत होते आणि दादाचा मेसेज आला, बाबा मामावर भडकलेत.

तुम्ही तेव्हा म्हणालात यांना विचारतंय कोण. कायद्यानं तुमचंच बरोबर आहे, घटनेचं तिसरं कलम असंच आहे, राज्याच्या सीमा संसद ठरवते, विधानसभेचं मत फक्त मागवतात, ते पाळलंच पाहिजे असं नाही. तेलंगणाचं बघा ना, २०१४ लाच, आंध्रच्या विधानसभेनं जानेवारीत विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेनं मंजूर केलं आणि २ जूनला राज्य झालं. शेजारच्या काकूंचं माहेर करीमनगरचं, त्यांनी पेढे आणून दिले होते आणि तुम्ही आनंदानं खाल्ले. गावच्या माणसाला वेगळं कोणी विचारलं नव्हतं, तरी बरं वाटलं कारण लोकांना तेच हवं होतं असं तुम्हाला वाटत होतं.

मग बेळगावचं बघा. लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकतेय की बेळगाव, निपाणीच्या मराठी माणसाला विचारा त्याला कुठं राहायचंय, सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं काय सांगितलं ते आम्ही मानत नाही, लोकांना विचारा. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात होते हे तुम्ही किती अभिमानानं सांगता, दिल्लीनं १९५६ ला द्विभाषिक राज्य करून दिलं होतं, ते लोकांनी मान्य केलं नाही म्हणून १९६० ला महाराष्ट्र झाला. गोव्याला तर खरंच विचारलं होतं, १६ जानेवारी १९६७, महाराष्ट्रात यायचं असेल तर फूल आणि वेगळं राहायचं असेल तर दोन पानं, आणि ३४ हजार मतांनी दोन पानं जिंकली. आपल्याला वाईट वाटलं पण मानलं ना आपण? मग बेळगावच्या माणसाला विचारा म्हणायचं आणि मामाला विचारतंय कोण म्हणायचं, हे कसं जमतं बाबा? मला नाही जमत.

तुम्ही वाटणीचं उदाहरण देता, की घरातून वेगळं व्हायचं तर सगळ्या भावांना विचारावं लागतं. बरोबर आहे, पण काका वेगळे झाले तेव्हा काय झालं होतं ते आठवा. जायचं हे त्यांनी ठरवलं, तुम्ही आणि आजोबा नाही म्हणत होतात तरी. पण कुठले दोन माग त्यांचे, सुताचं देणं कोण फेडणार, आज्जी कुणाकडे राहणार हे सगळ्यांनी बसून ठरवलं, आठ दिवस लागले, आरडाओरडा झाला पण ठरलं. कॅनडात क्युबेक प्रांताच्या वेळी तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९९८ ला जवळजवळ हेच सांगितलंय, की एकट्यानं उठून चालतं व्हायचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नावर लोकांनी स्पष्ट बहुमतानं जायचं म्हटलं तर बाकीच्यांना बोलणीला बसावंच लागेल. मला हे पटतं. जायचं का हे तिथं राहणाऱ्यांनी सांगायचं, कसं जायचं हे सगळ्यांनी मिळून. काकांना थांबवायचा हक्क तुम्हाला नव्हता आणि सगळे माग घेऊन जायचा हक्क काकांना नव्हता.

यात एक गाठ मला अजून सुटलेली नाही ते पण सांगते. रेघ कुठं मारायची? स्कॉटलंडला विचारायचं, पण २०१४ ला ऑर्कनी बेटांवर ६७ टक्के लोक राहूया म्हणाले होते, उद्या स्कॉटलंड गेलं तर त्यांचं काय? तालुक्याला विचारायचं का गावाला का वाडीला? अक्कलकोटात कन्नड, मराठी, उर्दू एकाच गल्लीत आहे, आज्जी आपल्याला "बा, ऊटा माडु" (ये, जेव) म्हणून कन्नडमधून हाक मारायची आणि ताटात वाढताना मराठीत रागवायची, तिला कुठल्या बाजूला टाकणार? म्हणून मी असं म्हणत नाही की गावानं हात वर केला की लगेच नकाशा बदला. देश सोडणं आणि राज्य बदलणं हे पण सारखं नाही, मला कळतं ते. मी एवढंच म्हणतेय की हात वर करणाऱ्याला गद्दार म्हणू नका. त्याला विचारणारं कोणी नव्हतं म्हणून त्यानं हात वर केला.

मी मामाला मागच्या महिन्यात फोन केला होता, तुम्हाला न सांगता. विचारलं खरंच जायचं होतं का. म्हणाला अर्धं पाण्यासाठी होतं पोरी, आणि अर्धं खरंच होतं, तहसीलात मराठी कागद वाचून घ्यायला दुसऱ्याला न्यावं लागतं, चाळीस वर्षं झाली. आई, हे तुला माहिती होतं ना? तू बोलायला पाहिजे होतंस.

आता माझं. मी देश सोडून गेले, हो. म्हणून मीच लावलेला नियम मला पण लागतो. उद्या सोलापूरच्या लोकांना काही विचारायची वेळ आली तर मत तुमचं, आईचं, दादाचं, आपल्या शेडमध्ये माग चालवणाऱ्या बिहारच्या पोरांचं, माझं नाही. हे लिहिताना हात थांबला माझा, चार हुतात्मा चौकातून शाळेला गेलेली मी. पण लंडनच्या त्या भावाला जे लागू ते मला लागू. मत नाही मागत मी. मुलगी म्हणून बोलायचं मात्र सोडणार नाही.

लग्न चौदा तारखेला आहे, दादा गाडी काढतो म्हणालाय. मामीला चादरींचा जोड घेऊन जा, आपल्या मागावरचा, दुकानातला नको. आणि बाबा, जेवायला मामाच्या शेजारी बसा आणि विचारा गावात पाणी कितव्या दिवशी येतं.

तुमची,
ताई