एलपी घेताना कव्हर नव्हे, रनआउट पाहा

संपादक महोदय,

एलपीचा, म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्यांचा, नाद पुन्हा वाढला आहे आणि चकचकीत कव्हरला भुलून पैसे मोजणेही. पॉपमध्ये बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (1966) घ्यायचा तर मोनोच (सगळा आवाज एकाच मार्गातला) घ्या. बँडच्या ब्रायन विल्सनने मिक्सिंग मोनोत केले होते. जुन्या प्रतीवर ‘ड्युओफोनिक’ दिसले तर तो मोनोलाच ओढूनताणून दिलेला स्टिरिओचा मुलामा, सोडून द्या.

सोल संगीतासाठी मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (1971). पहिल्या बाजूची गाणी एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे एका ओरखड्याने सलग ऐकण्याचा विचका होतो. रेगे संगीताच्या जमैकन सात इंची तबकड्यांचे भोक बहुधा 38 मिलिमीटरचे असते, प्लेअरच्या बारीक खुंटीवर ते बसवायला अडॅप्टर लागतोच. भोक मध्यावर नसेल तर सूर लाटेसारखा डुलतो. फिरवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

रॉकमध्ये एकच सांगतो. ‘लेड झेपेलिन II’च्या (1969) पहिल्या अमेरिकी प्रतींत लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात, म्हणजे रनआउटमध्ये, ‘आरएल’ कोरलेले असते. ध्वनी अभियंता रॉबर्ट लुडविगचा हा कट (तबकडीच्या साच्यासाठी खाच कोरण्याचे काम) इतका दणदणीत होता की स्वस्त प्लेअरवर सुई उडे, म्हणून नंतर दबका कट काढला गेला. टॉर्च तिरका धरला की अक्षरे दिसतात.

आपल्याकडे पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी धरते. ती डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने, खाचेच्या दिशेनेच पुसावी. आडवे पुसले तर बुरशी खाचेत बसते आणि तडतड वाढते.

— एक वाचक, पुणे