जनावरांच्या उपचाराची चिठ्ठी सक्तीची करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोगस पशुवैद्यकांवर कारवाई करावी, अशा मागणीच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. मागणी रास्तच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना राज्य सरकारने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा देता येतात, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. महाराष्ट्राने हा कायदा १९९७ मध्ये स्वीकारला, राज्य परिषद नागपूरला आहे आणि व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम तर केंद्रीय परिषदेने १९९२ सालीच केलेले आहेत. तरीही आलेला माणूस नोंदणीकृत आहे की नाही, हे गोठ्यात उभ्या असलेल्या पशुपालकाला कळायला मार्ग नसतो, कारण दोघांचीही रीत एकच असते: मोटारसायकल येते, इंजेक्शन टोचले जाते, पैसे घेतले जातात आणि कागद कोणीच देत नाही.

माझा आक्षेप या न मिळणाऱ्या कागदाबद्दल आहे आणि तो मुख्यतः नोंदणीकृत डॉक्टरांना उद्देशून आहे. गाईला दगडी (कासेचा दाह) होते, सकाळी धारेला सडातून गाठी पडतात, डॉक्टर येऊन इंजेक्शने देतात, सडात सोडायच्या ट्यूब हातावर ठेवतात आणि रिकाम्या कुप्या पिशवीत टाकून निघतात. कोणते औषध दिले असे विचारले, तर ‘भारीतलं दिलंय’ एवढेच उत्तर मिळते. वास्तविक, ज्यांचे दूध, मांस वा अंडी खाण्यात येतात त्या जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर, उपचारानंतर किती काळ ते दूध, मांस वा अंडी वापरू नयेत हे छापण्याचे बंधन २०१२ पासून आहे, आणि उत्पादकाने तो काळ निश्चित केलेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस धरावे लागतात. ते वेष्टन डॉक्टरांबरोबर परत गेलेले असते. संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर जाते आणि आमच्या केंद्रावर फॅट व एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) लागले की पावती निघते. त्यात प्रतिजैविकाचा अंश आहे का, हे तिथे कोणी पाहत नाही. सात दिवसांचे दूध ओतून देणे किती जड जाते, हे मी स्वतः दूध घालत असल्याने जाणतो. ठाऊक असूनही जो ते दूध घालील तो दोषीच. पण ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याने घातलेल्या दुधाचा दोष कोणाच्या माथी मारायचा?

बंदी घातलेल्या औषधांचेही तेच. औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन झालेल्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येत राहिल्या आणि अखेर २०१५ मध्ये, जनावरासाठी ती सोयीची राहू नये म्हणून, कुपीच लहान करावी लागली. पुढे २०१९ मध्ये कॉलिस्टिन हे प्रतिजैविक आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक ही वेदनाशामके यांवर निर्बंध आले. कारखाना आणि दुकान तपासता येते. गोठ्यात काय टोचले गेले, त्याची नोंदच नसेल तर तपासणार काय?

डॉक्टरांची अडचण मला मान्य आहे. पदे रिक्त असतात, एकेकाकडे कितीतरी गावे असतात आणि पशुपालकही चिठ्ठी मागत नाही. परंतु जनावर दगावल्यावर विम्यासाठी शवविच्छेदनाचा दाखला लिहिला जातोच. ते जिवंत असताना चार ओळी लिहिणे त्याहून अवघड नसावे. शिवाय बोगस मंडळींपासून स्वतःला वेगळे दाखवण्याचा याहून सोपा उपाय डॉक्टरांपाशी नाही. नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी देण्याचा रिवाज पडला, तर ती न देणारा आपोआप उघडा पडेल. कोणी खोटा क्रमांक लिहिलाच, तर तो परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येईल आणि आज कारवाईसाठी मिळत नाही तो लेखी पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात हाती येईल.

तेव्हा राज्य परिषदेने डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक, औषध व मात्रा आणि दूध बंद ठेवायचे दिवस एवढा मजकूर असलेली चिठ्ठी प्रत्येक उपचारानंतर सक्तीची करावी, आणि ती न मिळाल्याची तक्रार जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंदवून घेण्याची सोय करावी. एका गाईच्या चिठ्ठीसाठी कोणी फलटणहून नागपूर गाठणार नाही.

आपला,
एक दूध उत्पादक,
ता. फलटण, जि. सातारा