डिस्ट्रिक्ट सिक्सच्या पाट्या जपणाऱ्या मुकादमकाकांना

आदरणीय मुकादमकाका,

आपली ओळख नाही. तरी मनापासून आभार मानायचे आहेत, म्हणून हे जाहीर पत्र.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती होती. तिथली घरं पाडणाऱ्या मजुरांवर तुम्ही मुकादम होता. आमच्या रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुसलमान माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनला जात होती. त्यांतली कित्येक कुटुंबं या वस्तीत राहिली. शेजारी कोण? गुलामीतून सुटलेल्यांची नातवंडं-पतवंडं, केप मलय (आग्नेय आशियातून आणलेल्यांचे मुसलमान वंशज), पूर्व युरोपातून आलेले ज्यू, बंदरावर राबणारे आफ्रिकी. त्यांतल्या आफ्रिकी लोकांना तर १९०१ मध्येच, प्लेगचं निमित्त करून, हाकललं गेलं. मग ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने सगळी वस्तीच फक्त गोऱ्यांसाठी राखीव केली. १९८२ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट भागातल्या वाळूवर नेऊन टाकली. मशिदी आणि चर्चेस तेवढी उभी ठेवली, भोवतालची घरं भुईसपाट.

राडारोड्याबरोबर रस्त्यांच्या पाट्याही जायच्या होत्या. तुम्ही त्या गुपचूप ठेवून घेतल्या. वर्णभेदाची राजवट असताना, तिच्याच कामावर असताना! काय वाटलं असेल तुम्हाला, याचा मी पुष्कळ विचार करते. पुढे त्या बाहेर काढणंही सोपं नसणार. ज्यांची घरं पाडली, त्यांच्याच हाती त्या द्यायच्या होत्या.

तुम्ही दिल्यात. डिसेंबर १९९४ मध्ये बुइटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम सुरू झालं, ते याच पाट्यांच्या प्रदर्शनाने. काही दिवसांपुरतं मांडलेलं प्रदर्शन लोकांनी उतरवूच दिलं नाही. जमिनीवर वस्तीचा भला मोठा नकाशा अंथरलाय. जुने रहिवासी त्यावर वाकतात, आपली गल्ली शोधतात, आपलं घर होतं तिथे नाव लिहितात. हॅनोव्हर स्ट्रीटवरून सुरुवात केली की दुकानं, बायस्कोप, शेजारपाजार, सगळं भराभर आठवायला लागतं, असं ते सांगतात. सरकारी कागदांत हे काही सापडलं नसतं. तिथे ही वस्ती म्हणजे नुसती झोपडपट्टी, गलिच्छ आणि गुन्हेगारीची.

हाकललेल्यांचे आपल्या जागेवर परतण्याचे दावे मात्र अजून रखडलेत. अनेक म्हातारी माणसं वाट पाहतच गेली. २०१९ मध्ये भागाला डिस्ट्रिक्ट सिक्स हे नाव परत मिळालं, तेवढं बरं झालं.

आमच्या गावातल्या घरांतून केपटाऊनची जुनी पत्रं असतील, तर त्यांवरचे पत्ते मी उतरवून घेणार आहे आणि म्युझियमला पाठवणार आहे. ते ठेवायला जागा आहे, ती तुमच्यामुळे.

कृतज्ञ,
खेड तालुक्यातली एक कोकणी लेक