आजव्याचे २११ फूट आणि आमची स्टाफरूम

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा लागला की पेपरात दोन आकडे यायला लागतात, शहराला पाणी देणारा आजवा तलाव इतके फूट आणि शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी इतके फूट. मी इथे बडोद्यातच एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आणि खरं सांगायचं तर या दोन आकड्यांनी मला जेवढं शिकवायला दिलंय तेवढं सुट्टीतल्या ट्रेनिंगांनी काही दिलं नाही. तिथे एसी हॉलमध्ये कोणीतरी स्पीकर येतात, टाळ्या वाजवायला लावतात, तुम्ही देश घडवताय वगैरे म्हणतात, आपण फोल्डर-पेन घेऊन घरी येतो आणि सोमवारी वर्गात उभं राहिलं की पाटी कोरीच.

झालं असं की एका मुलाने विचारलं, मॅडम, आजव्यात २११ फूट पाणी आणि नदीत फक्त १५ फूट, मग सगळे नदीलाच का घाबरतात? अर्धा वर्ग हसला, पण हसणाऱ्यांपैकी एकालाही उत्तर देता येईना. गोम अशी की आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासून मोजतात, ती तलावाची खोली नाहीये, आणि नदीचा आकडा पुलाजवळच्या पट्टीवरचा. दोन्ही फूटच, पण शून्य वेगळ्या वेगळ्या जागी. स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, अहो मी ऋण संख्या शिकवताना हेच तर डोकं फोडतोय, शून्य कुठे धरायचं ते आपणच ठरवायचं असतं हे पोरांना पटतच नाही. मग त्यांनी होमवर्क दिला, रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते ती बघून या, फूट करा आणि २११ मधून वजा करा. झालं, मुलांच्या लक्षात आलं की तलाव आपल्या डोक्याच्या वरच आहे, म्हणून तर १८९२ पासून वीस-एक किलोमीटरवरनं पाणी पंपाशिवाय नुसत्या उतारावर शहरात आलं. दाबाचा धडा मी तिथून सुरू केला. इतिहासाच्या बाईंनी हा तलाव बांधून घेणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव घेतले, नाहीतर मुलांना सयाजी म्हणजे बाग आणि हॉस्पिटल एवढंच माहीत.

आणि ऑगस्ट २०२४ चा पूर तर मुलांनी घरात बघितलेला आहे, नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, कित्येकांची वह्या-पुस्तकं गेली. एकीच्या वडिलांचं गवंडीकाम आहे, तिने पाणी भरून लेव्हल बघायची ती पारदर्शक नळी आणली आणि एकाच गल्लीतल्या घरांच्या भिंतींवरचे पुराचे डाग मुलांनी ताडून बघितले. एका घरी डाग गुडघ्याशी, दुसऱ्या घरी खांद्याशी, आणि नळी लावली तर दोन्ही डाग एकाच लेव्हलला! म्हणजे पाणी सगळीकडे सारखंच होतं, जमीन खालीवर होती. हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असतं तरी इतकं पक्कं बसलं नसतं. त्यानंतर प्रश्न थांबेचनात, पावागडकडे पाऊस पडला की इथे पाणी का वाढतं, कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवून सोसायट्या झाल्या तर ते पाणी जाणार कुठे, नदीतली मगर आमच्या गेटपाशी का आली... मगरीचं उत्तर द्यायला मला रात्री स्वतः वाचत बसावं लागलं आणि खूप वर्षांनी शिकवायची मजा वाटली.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षकाला उत्साह मुलांच्या प्रश्नांतून आणि शेजारच्या खुर्चीतल्या शिक्षकाकडून मिळतो, भाषणातून नाही. पण शेजारच्या खुर्चीशी बोलायला वेळ तर पाहिजे ना! आमचे फ्री पिरियड प्रॉक्सी, म्हणजे न आलेल्या शिक्षकाचा तास घेण्यात, आणि ऑनलाइन एंट्री करण्यात जातात. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, विषयांमध्ये भिंती नकोत असं लिहिलंय, छानच आहे, पण टाइमटेबलमध्ये आठवड्यातला एक पिरियड तीन-चार विषयांच्या शिक्षकांना एकत्र मोकळा ठेवा ना, बाकी आम्ही बघतो. पालक म्हणतात कोर्स मागे पडेल. नाही पडत हो, एकच गोष्ट चार तासांत चारदा वेगवेगळी शिकवण्यापेक्षा वेळ वाचतोच. आणि ते स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेले थर्माकोलचे प्रोजेक्ट एकदाचे बंद करा, त्यात मूल काहीच शिकत नाही, दुकानदार शिकतो.

तुम्हाला एक विनंती, आजव्याच्या आकड्यापुढे 'समुद्रसपाटीपासून' एवढं छापाल का? मोठ्या माणसांचाही गोंधळ होतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी बघते मी.

आणि पालिकेला सांगणं आहे. १९०६ मध्ये ज्या संस्थानाने सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळीकडे लागू केलं त्याच्या राजधानीत एवढं तर होऊ शकतं, की वर्षातनं एक दिवस पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर लोकांनी शिक्षकांना आजवा आणि निमेट्याचा पाणी शुद्ध करायचा प्लांट फिरून दाखवावा, मुलांना नंतर, आधी आम्हाला. शनिवार असला तरी चालेल, बसचं भाडं आम्ही आपसात काढू.

आपली,
एक शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे