बाबा, मी दलाल आहे का?

ती. आई-बाबांस सा. न.

जर्नल कंपनी आणि कॉलेजं यांच्या मधल्या माझ्या नोकरीवरून रविवारी फोनवर बाबा म्हणाले, ‘मंग दलालच ना बापा तू!’ तेव्हा मी हसले, पण शब्द डोक्यातून जाईना.

बाबा, कृषी केंद्रात खताची गोणी मागितली की सोबत नको ती बाटली गळ्यात मारतात. तुमच्या भाषेत लिंकिंग. मेडिकल जर्नलांचंही (डॉक्टरांच्या संशोधनाच्या नियतकालिकांचंही) तेच. ग्रंथपाल मॅडमना हवी असतात पंधरा, कंपनी अख्खा गठ्ठा पुढं करते, तोही डॉलरच्या भावानं. जर्नलांचं वर्ष जानेवारीला सुरू, कॉलेजचं बजेट एप्रिलला. मधले तीन महिने उधारीवर चालू ठेवा म्हणून कंपनीच्या मागं लागायचं, ही माझी नोकरी. पगार कंपनीच देते. (तुमचा मुद्दा तिथंच आहे, कळतं मला.)

गेल्या महिन्यात एका कॉलेजनं इंटरनेटवाला बदलला. कंपनी कॉलेजला आयपी नंबरावरून, म्हणजे त्याच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखते. नंबर बदलला की पैसे भरूनही कुलूप. नवा नंबर मॅडमनी आठवडाभर आधी मला मेल केला होता. तो पुढं पाठवायचा मीच विसरले. त्या रात्री वॉर्डात फवारणीची विषबाधा झालेले दोघं जण. निवासी डॉक्टरला अॅट्रोपिनच्या, म्हणजे त्या विषावरच्या औषधाच्या, डोसवरचा जर्नलातला पेपर हवा होता. पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या वेबसाइटवर गोषवारा फुकट दिसला, पूर्ण पेपर उघडेना. नऊला मॅडमचा फोन आला, कुलूप निघालं साडेअकराला. तोवर त्यांनी दुसऱ्या कॉलेजच्या ग्रंथपालाकडून पेपर मागवून डॉक्टरच्या हातात दिलासुद्धा. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

2017 मध्ये यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून आई तुम्हाला तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय पंप उचलू देत नाही. त्या रात्री मला तोच दुपट्टा दिसत होता.

2025 पासून केंद्र सरकारनंच सरकारी संस्थांसाठी 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं एकगठ्ठा घेतलीत. तीन वर्षांचे 6,000 कोटी. तिथली घासाघीस बरीच मिटली. खासगी कॉलेजं त्यात नाहीत, म्हणून माझ्या फेऱ्या चालूच.

तुमची कापूस वेचणी आणि आमचं जर्नलांच्या वर्गणीचं नूतनीकरण एकाच वेळी येतं. दिवाळीला येईन, पण लॅपटॉप घेऊन. आणि बाबा, हातमोजे पाठवलेत, ते कपाटात ठेवू नका.

तुमची पोट्टी