२४, ठळक

परीक्षा विभागातल्या काकांना,

सादर नमस्कार.

परवा शेवटचा पेपर देऊन बाहेर आले, तुमच्या खिडकीपाशी दोन मिनिटं घुटमळले आणि तशीच घरी निघाले. आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजताय, हे आवाजावरून कळलं. हाक मारली असती तर मला रडू आलं असतं, आणि मागे ही मोठी रांग. म्हणून हे पत्र.

मला स्टारगार्ट आहे हे तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होत जातो, कडेचा बराचसा शाबूत राहतो. समोरच्याचे कान दिसतात, मागची खिडकी दिसते, चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिगळ. त्यामुळे मी जिना धडाधड उतरते, काठी घेत नाही, पण फळ्यावरचं अक्षर मला दिसत नाही. "चालतेस तर बरोबर!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

बारावीला तेव्हाच्या कॉलेजात आईने तीन चकरा मारल्या. तिन्ही वेळा एकच उत्तर: रायटर, म्हणजे आपण सांगू ते लिहून देणारा लेखनिक, घेतला तरच पेपरला जादा वेळ. मला रायटर नकोच होता. मला लिहिता येतं. जाड काळ्या पेनाने, ओळी थोड्या वरखाली, पण येतं. वाचायला वेळ लागतो एवढंच. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं होतं की लेखनिक न घेणाऱ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास वाढवून द्यावा. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं त्यांनाही नव्हतं, की माहीत असून कटकट नको होती, देव जाणे.

शेवटी नववीतली एक मुलगी शोधली. अर्थशास्त्राच्या पेपरला शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा उत्तरपत्रिका नाकाला लावून बघितली, तर 'सीमांत उपयोगिता'ची तिने पानभर 'श्रीमंत उपयोगिता' केलेली. तिचा काय दोष? तिने तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकला होता.

त्यामुळे या कॉलेजात तुमच्याकडे आले ती भांडायच्या तयारीनेच. फाईल, युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, सोबत बाबा. बाबांनी "हिला ना…" अशी सुरुवात केली आणि तुम्ही म्हणालात, "तिला बोलू द्या की." मग मला, "बाळा, किती मोठं अक्षर लागतं तुला?"

मला उत्तरच येईना. एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "हे दिसतं का?" असं डॉक्टर विचारतात, ते वेगळं.

तुम्ही म्हणालात, "उद्या ये." ऑफिसातल्या 'उद्या ये'चा अर्थ मला पुरता ठाऊक होता, तरी आले. टेबलावर चार कागद. मागच्या वर्षीच्या पेपरमधला एकच प्रश्न, चार आकारांत: १८, २०, २४, २८. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने आकडा. आणि मला खिडकीकडे पाठ करून बसवलंत. उजेड थेट आला की मी मान वळवते, हे तुम्ही आदल्या दिवशीच टिपलं होतं.

१८ ला 'अर्थ'चा रफार गायब. २० ला अनुस्वार येत-जात होता. २८ चं अक्षर झकास, पण ओळीत चारच शब्द, वाक्याचं शेपूट येईस्तोवर डोकं विसरायला व्हायचं. २४, म्हटलं. "ठळक करू?" करा. पुन्हा प्रिंट काढलीत आणि मी ती वाचली, कागदाला नाक न टेकवता. तुम्ही एक चिठ्ठी लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलीत: माझा बैठक क्रमांक, २४, ठळक.

पुढचा अर्ज, सह्या, वेगळी खोली, अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटं जादा, हे सगळं रीतसर झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉलेज स्वायत्त आहे, पेपर इथेच टाइप होतात म्हणून जमलं, असं तुम्ही म्हणाल. जमण्यासारखं तिकडेही बरंच होतं हो.

भली माणसं मला रोज भेटतात. बसमध्ये उठून जागा देतात, रस्ता ओलांडून देतात, मला जायचं नसलं तरी. हात धरून ओढतात आधी, विचारतात नंतर. त्यांच्यावर राग नाही माझा. पण तुम्ही आधी विचारलंत, आणि मग प्रिंटर चालू केलात.

परवाच्या पेपरला जादा वेळातली पंधरा मिनिटं उरली. बसून सगळी उत्तरपत्रिका वाचून काढली, स्वतःच्याच अक्षरातली. सीमांत सगळीकडे सीमांतच होतं.

ते चार कागद मी घरी आणलेत. चिठ्ठी मात्र काचेखालीच राहू द्या, अजून बरीच सेमिस्टर बाकी आहेत.

आपली,
२४ ठळक